लग्नाआधी रक्त तपासा : सिकलसेल आणि आपल्या शरीराचा कारभार



शाळेत असताना 'मानवी शरीराच्या संस्था' हा धडा आपण सर्वांनीच वाचला आहे. अस्थिसंस्था, स्नायुसंस्था, पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरण संस्था, चेतासंस्था, उत्सर्जनसंस्था, प्रजननसंस्था ही नावे घोकली, परीक्षेत चार गुण मिळवले आणि पुस्तक रद्दीत घातले. त्या धड्यात प्रत्येक संस्थेचे चित्र वेगळे, तक्ता वेगळा. त्यामुळे आपल्या मनात अशी समजूत राहून गेली की, शरीर म्हणजे सरकारी कचेरी आहे. प्रत्येक खाते आपापल्या टेबलावर बसलेले, एकाची फाईल दुसऱ्याला माहीत नाही. वस्तुस्थिती तशी नाही. या कचेरीत एक शिपाई असा आहे की, जो एका मिनिटात सर्व खात्यांत फिरून येतो. तो शिपाई म्हणजे रक्त. तोच आजारी पडला तर कोणते खाते सुरळीत चालेल?

हा प्रश्न आम्ही केवळ ज्ञानवृद्धीसाठी विचारत नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतील बौद्ध वस्त्यांमध्ये रक्ताचा एक आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्याचे नाव सिकलसेल. तिकडच्या मंडळींना हे नाव चांगलेच ठाऊक आहे. परंतु मुंबई, पुणे, नाशिक येथील चाळींत आणि झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना ते फारसे ठाऊक नसते. विदर्भातून पोटापाण्यासाठी आलेली माणसे रक्त बरोबर घेऊनच येतात. सोयरिकी तिकडच्या इकडे आणि इकडच्या तिकडे होतातच. म्हणून हा लेख सर्वांसाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. हा आजार बौद्धांचा किंवा पूर्वाश्रमीच्या महारांचा म्हणून कोणी नाक मुरडू नये. विदर्भातील गोंड, माडिया, परधान, सातपुड्यातील भिल्ल व पावरा, आफ्रिकेतील आणि अरबस्तानातील अनेक समाज, भूमध्य समुद्राकाठचे लोक या साऱ्यांत तो आढळतो. जेथे पूर्वी मलेरियाचा कहर होता तेथे तो जास्त दिसतो, आणि त्याला कारण आहे. ज्याच्या अंगात या आजाराचा अर्धाच अंश असतो, त्याचा घातक मलेरियापासून बऱ्याच अंशी बचाव होतो. ॲलिसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५४ साली हे दाखवून दिले. म्हणजे जंगलात, तळ्याकाठी, धानाच्या बांधीत राबणाऱ्या आपल्या पूर्वजांना ज्या गुणाने तगवले, त्याचाच दुप्पट वाटा एखाद्या लेकराच्या वाट्याला आला की ते आजारी पडते. यात पाप कोठे आले आणि शाप कोठे आला?

रक्तपेशीचा विळा कसा होतो

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. मुठीएवढे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देऊन ते सर्वत्र पोचवते. रक्ताचा लाल रंग तांबड्या पेशींमुळे येतो. मधोमध अंगठ्याने दाबलेला पेढा डोळ्यांपुढे आणा. तांबडी पेशी तशी दिसते. फरक एवढाच की, एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील सात-आठ भागांएवढीच तिची रुंदी असते. शरीरातील सर्वांत बारीक नळ्या, ज्यांना केशवाहिन्या म्हणतात, त्या कित्येक ठिकाणी तिच्यापेक्षाही अरुंद असतात. परंतु निरोगी पेशी लवचीक असते. ती दुमडते, अंग चोरते आणि पलीकडे निघून जाते. तिच्या पोटात हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. ते फुप्फुसात प्राणवायू उचलते आणि हातापायाच्या बोटांपासून मेंदूपर्यंत नेऊन उतरवते.

सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन थोडे वेगळे असते. प्राणवायू उतरवून झाला की त्याचे कण एकमेकांना चिकटतात व त्यांच्या लांब काड्या बनतात. त्या काड्यांनी पेशी ताठ होते, ओढली जाते आणि तिचा आकार विळ्यासारखा होतो. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. आपल्या आयाबहिणी ज्या विळ्याने धान कापतात, त्याचाच तो आकार. असा ताठ विळा अरुंद नळीतून जाईल कसा? तो अडकतो, त्याच्यामागे दुसरा अडकतो, आणि अरुंद गल्लीत बैलगाडी आडवी झाल्यासारखी सारी वाहतूक थांबते. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही. तो भाग कळवळतो. रुग्णाला जी जीवघेणी कळ येते ती हीच.

दुसरे संकट म्हणजे पेशींचे आयुष्य. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस काम करते. विळा झालेली पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते. भरती कमी आणि मरण जास्त, असे झाले की रक्त कमी पडणारच. म्हणून ही मुले फिकट दिसतात, लवकर दमतात. आणि मास्तर त्यांना आळशी म्हणतात.

शिकागोचा विद्यार्थी आणि ऑकलंडचे पँथर

या आजाराची पहिली शास्त्रीय नोंद ज्याच्यामुळे झाली, तो एक कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. त्याचे नाव वॉल्टर क्लेमेंट नोएल. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यक शिकण्यासाठी शिकागोला आला. १९०४ साली तो रुग्णालयात दाखल झाला असता अर्नेस्ट आयर्न्स या तरुण डॉक्टरला त्याच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी दिसल्या. आयर्न्सचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. नोएल शिक्षण पूर्ण करून मायदेशी परतला, दातांचा दवाखाना चालवला आणि १९१६ साली फुप्फुसाच्या आजाराने वारला. वयाची पस्तिशीही त्याने पाहिली नाही.

पुढे १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. ज्या १९५६ साली नागपूरला आपली धम्मदीक्षा झाली, त्याच वर्षी केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष रेणूच्या एका लहानशा तुकड्यात असल्याचे शोधले, आणि पुढच्याच वर्षी तो नेमका कोणता हेही सांगितले. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ कड्या असतात. त्यांपैकी सहावी कडी बदललेली असते, बस्स. भारतात हा गुण प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगराळ भागातील लोकांत आढळला. १९५८ साली मध्य भारतातील नोंदही वैद्यकीय जगापुढे आली.

परंतु शास्त्र पुढे गेले म्हणून उपचार गरिबाच्या दारी आले असे कधी घडते काय? अमेरिकेत हा आजार प्रामुख्याने काळ्या लोकांना होता, म्हणून अनेक वर्षे त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. अखेर १९७१ साली ऑकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाने आपल्या वस्त्यांमध्ये स्वतःच मोफत रक्ततपासणी सुरू केली. होय, तेच ब्लॅक पँथर, ज्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. बंदुकीचे फोटो सर्वांनी पाहिले. बोटाला सुई टोचून घेण्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या आयांची आठवण फार थोड्यांना आहे. आमच्या मते ते काम कमी क्रांतिकारक नव्हते. त्याच १९७२ साली अमेरिकन सरकारला सिकलसेलसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

याची दुसरी बाजूही आपण लक्षात ठेवली पाहिजे. तपासण्या घाईने झाल्या, समजावून सांगणे राहून गेले. काही राज्यांनी काळ्यांवर तपासणीची सक्ती केली. जे आजारी नव्हतेच, केवळ वाहक होते, त्यांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. हवाई दलाच्या प्रबोधिनीचे दार तर वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. तपासणी केली आणि अर्थ सांगितला नाही, तर त्यातून नवी अस्पृश्यता जन्माला येते. आपल्याला हे कोणी वेगळे शिकवायला नको.

एकेका संस्थेवर काय परिणाम होतो

बाळ जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात गर्भावस्थेतील वेगळे हिमोग्लोबिन भरपूर असते. ते विळा होऊ देत नाही. म्हणून पहिले काही महिने बाळ अगदी छान दिसते. सहाव्या महिन्याच्या आसपास ते हिमोग्लोबिन कमी होत जाते आणि मग एक दिवस बाळाचे हात किंवा पाय सुजतात. बाळ किंचाळते, हात लावू देत नाही. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते मुरगळले. तेल चोळणारी चोळते आणि त्या जिवाच्या वेदना वाढवते. हाडे आपण लाकडासारखी निर्जीव समजतो, पण ती जिवंत आहेत. मोठ्या माणसाच्या २०६ हाडांपैकी कित्येकांच्या पोटात मज्जा असते, आणि ती दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या तांबड्या पेशी तयार करते. रक्ताचा कारखानाच हाडात आहे. तेथेच रक्त अडले की हाड ठणकते. पुढे मोठेपणी खुब्याच्या गोळ्याचे रक्त तुटून तो झिजतो आणि ऐन तिशीतला माणूस लंगडू लागतो.

बरगड्यांच्या खाली डाव्या बाजूला प्लीहा असते; जुनी माणसे तिला पानथरी म्हणतात. शाळेच्या धड्यात हिला अर्धी ओळही मिळत नाही. परंतु ती रक्तातील गाळणी आहे; जुन्या पेशी आणि रोगजंतू ती वेचून काढते. सिकलसेलच्या मुलात विळे तिच्यात अडकून अडकून ती लहान वयातच निकामी होते, आणि मग साधा न्यूमोनिया पोराचा जीव घेऊ शकतो. म्हणून अशा मुलांना लहानपणी डॉक्टरांच्या सल्ल्याने पेनिसिलीन देतात आणि लसीकरण एकही चुकवायचे नसते. ज्या बाळाला साधा ताप म्हणून घरी ठेवले जाते, तेच बाळ सिकलसेलचे असेल तर त्याचा ताप हा दवाखान्यात धावण्याचा इशारा असतो. हे आम्ही ठळक सांगतो, कारण कित्येक मुले निदानाआधीच गेली असतील, आणि घरच्यांनी 'ताप डोक्यात गेला' एवढेच म्हटले असेल.

फुप्फुसात सुमारे तीस कोटी इवल्याशा हवेच्या पिशव्या असतात. तेथे रक्त प्राणवायू घेते. तेथेच नळ्या तुंबल्या तर छातीत कळ, ताप व धाप सुरू होते. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. दवाखान्यात भरती करण्याला पर्याय नाही.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण प्राणवायू तो वीस टक्के खातो. त्यामुळे रक्ताची अडचण त्याला सर्वांत आधी सोसत नाही. सात-आठ वर्षांच्या पोराला अर्धांगवायू झाला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर भगताकडे नेऊन अंगारा लावण्यात जी वेळ जाते तिची भरपाई कोणताही अंगारा करू शकत नाही.

दोन मूत्रपिंडांत मिळून सुमारे वीस लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात त्या जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले बहुतेक पाणी शरीराला परत करून फक्त लिटर-दीड लिटर मूत्र बाहेर टाकतात. केवढी ही काटकसर! सिकलसेलमध्ये पाणी परत ओढण्याची ही शक्ती लवकर कमी होते. पाणी वाया जाते, मूल वारंवार लघवीला जाते, मोठे झाले तरी अंथरूण ओले करते आणि मार खाते. त्याला मारू नका. त्याला जास्त पाणी द्या. अंगातले पाणी कमी झाले की रक्त दाट होते आणि विळे वाढतात. शाळेत सिकलसेलच्या मुलाला पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची व मागेल तेव्हा लघवीला जाण्याची परवानगी हवी, असे पालकांनी मुख्याध्यापकांना लेखी कळवावे.

मोडलेल्या पेशींचा पिवळा अंश यकृताकडे जातो. तो फार झाला की डोळे पिवळे दिसतात आणि पित्ताशयात खडे होतात. प्रत्येक पिवळा डोळा म्हणजे संसर्गाची कावीळ नव्हे, आणि अशा मुलाला हातावर डाग देणे किंवा नाकात रस पिळणे हा निव्वळ छळ आहे. डोळ्याच्या पडद्यावरील बारीक नळ्याही तुंबतात. वर्षातून एकदा डोळे तपासून घेणे चांगले. पायाच्या घोट्याजवळ न भरणाऱ्या जखमा होतात. ग्रंथींचा कारभारही मंदावतो. या मुलामुलींचे वयात येणे एक-दोन वर्षे लांबते. पाळी उशिरा आली म्हणून मुलीला टोमणे मारू नयेत.

एक गोष्ट कुटुंबाच्या पानावर लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. तरुण मुलांना कधीकधी जननेंद्रियात रक्त अडकून ते तासन्‌तास ताठ राहते व असह्य वेदना होतात. लाजेपायी पोरे घरात सांगत नाहीत. चार तासांत आराम पडला नाही तर तो तातडीचा आजार समजून रुग्णालयात गेले पाहिजे. उशीर झाला तर कायमचे नुकसान होते. बापाने किंवा थोरल्या भावाने हे आधीच सांगून ठेवलेले बरे. सिकलसेलच्या स्त्रीचे बाळंतपणही जोखमीचे असते. ते मोठ्या रुग्णालयातच व्हावे, आणि नाव पहिल्या महिन्यांतच नोंदवावे.

आपल्या वंदनेच्या पुस्तकांत 'खुद्दकपाठा'तील बत्तीस अंगांचा पाठ कोणी पाहिला आहे काय? त्यात शरीराचे बत्तीस भाग मोजले आहेत. वक्क म्हणजे मूत्रपिंड, पिहक म्हणजे प्लीहा, पप्फास म्हणजे फुप्फुस, अट्ठिमिंज म्हणजे हाडातील मज्जा. भिक्खूंनी देहाचे खरे स्वरूप न लाजता, न घाबरता पाहावे म्हणून हा पाठ आहे. ज्या काळात इतरांना शरीर विटाळाचे वाटत होते, त्या काळात आपल्या परंपरेने प्लीहेचेसुद्धा नाव घेतले. आपण मात्र आजही पोटात दुखते याच्या पुढे डॉक्टरला काही सांगू शकत नाही.

वाहक आणि रुग्ण

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. हिमोग्लोबिन कसे असावे याची सूचना प्रत्येक माणसाला दोन मिळतात. एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही चांगल्या असतील तर तो माणूस ए.ए. एक चांगली व एक सिकलची असेल तर ए.एस., म्हणजे वाहक. दोन्ही सिकलच्या असतील तर एस.एस., म्हणजे रुग्ण. वाहक हा आजारी नसतो. तो मजुरी करतो, खेळतो, रात्रपाळी करतो, म्हातारा होतो. वाहकाचा पुढे कधी रुग्ण होत नाही. फक्त फार उंचावर किंवा उन्हात पाणी न पिता अतिश्रम करताना त्याने काळजी घ्यावी, एवढेच.

एक वाहक आणि एक ए.ए. यांचे लग्न झाले, तर एकही मूल सिकलसेलचे रुग्ण होणार नाही. निम्म्या संभवाने वाहक होईल. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक संभव रुग्णाचा, चारात दोन वाहकाचा आणि चारात एक पूर्ण निरोगी मुलाचा. रुग्ण आणि वाहक यांचे लग्न झाले तर निम्मा संभव रुग्णाचा. रुग्ण आणि ए.ए. यांचे झाले, तर सारी मुले वाहक होतील, रुग्ण एकही नाही.

'चारात एक' याचा अर्थ लोक चुकीचा लावतात. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणजे कोटा संपला, आता पुढची तिन्ही ठणठणीत, असे आम्ही वस्त्यांत अनेकांच्या तोंडून ऐकतो. हिशेबाच्या वहीत मागील शिल्लक पुढे ओढतात. येथे मागील शिल्लक पुढे येत नाही. प्रत्येक गर्भाच्या वेळी पान कोरे असते आणि संभव पुन्हा चारात एकच असतो. कोणाच्या घरी चारही मुले निरोगी, तर कोणाच्या घरी लागोपाठ दोन रुग्ण, हे असे घडते.

आणि दोष नेहमी सुनेला दिला जातो! मूल आजारी निघाले की 'हिच्या माहेरचे रक्तच वाईट' असे बोलणाऱ्या सासूबाईंना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की, मूल रुग्ण असेल तर एक अंश तुमच्या चिरंजीवाकडून आल्याशिवाय ते होऊच शकत नाही. याच कारणासाठी सुनेला माहेरी धाडल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत. पूर्वजन्मीचे भोग म्हणणारेही आहेत. त्यांनी बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडून कर्मावरील विवेचन वाचावे. मूल आपले गुण आईबापांकडून घेते हे विज्ञान सांगते, मग गतजन्मीच्या कर्माची कल्पना कशी टिकेल, असा रोखठोक प्रश्न बाबासाहेबांनी तेथे उपस्थित केला आहे. सिकलसेल हे त्याचे ढळढळीत उदाहरण आहे.

आपण १९५६ साली पत्रिका, गुण, मंगळ सारे सोडले. फार चांगले केले. परंतु सोयरीक जुळवताना मुलाचा पगार, मुलीचा रंग, घरात नळ आहे की नाही हे सारे विचारणारे आपण रक्ताविषयी एक अक्षर विचारत नाही. तपासणी अगदी साधी आहे. प्रथम सोल्युबिलिटी नावाची चाचणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते. ती सदोष आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचणीने ए.एस. की एस.एस. ते नक्की कळते. नुसत्या पहिल्या चाचणीवर कोणालाही 'सिकलवाला' ठरवू नये. जन्मात एकदाच करावी लागणारी ही तपासणी आहे, कारण निकाल कधी बदलत नाही.

तपासणी केव्हा करावी? लग्नाची बोलणी पक्की झाल्यावर, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी कदापि नाही. तेव्हा निकाल कळला तर लग्न मोडते, मुलीची गावभर बदनामी होते, आणि मग पुढची घरे तपासणीलाच घाबरतात. तपासणी नववी-दहावीत व्हावी, तोपर्यंत झाली नसेल तर सोयरिकीचा विषय निघण्यापूर्वी व्हावी. मुलगा व मुलगी दोघांची व्हावी. फक्त मुलीचे कार्ड मागणाऱ्यांना दारातूनच परत पाठवावे. आणि तरीही दोन वाहकांनी एकमेकांना पसंत केलेच, तर? तर निर्णय त्या दोघांचा आहे, जातपंचायतीसारखा आपण त्यात पडू नये. त्यांनी गर्भ राहताच मोठ्या रुग्णालयात जाऊन सल्ला घ्यावा. १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग तपासणीला बंदी आहे, पण हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारासाठी गर्भाची तपासणी करण्यास त्याच कायद्याने परवानगी दिलेली आहे. मात्र तिला मुदत असते, म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच गेले पाहिजे.

औषधोपचार आणि हक्क

रुग्ण आहे म्हणून हात टेकण्याचे कारण नाही. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या गोळीने गर्भावस्थेतील ते चांगले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि कळा कमी होतात. ती रोज, नियमित आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असते. मूल हवे असणाऱ्या स्त्री-पुरुषांनी आधी डॉक्टरांना सांगावे. फॉलिक ॲसिडची गोळीही देतात. लोहाची गोळी मात्र तपासणीशिवाय रुग्णाने घेऊ नये. या आजारात पेशी मोडून अंगात लोह साठू शकते. अस्थिमज्जा बदलण्याने आजार बरा होऊ शकतो, पण जुळणारा दाता लागतो, बहुधा सख्खा भाऊ किंवा बहीण. २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे बावीस लाख डॉलर! आमच्या गिरणी कामगारांच्या चाळी विकल्या तरी तेवढे पैसे जमायचे नाहीत. तूर्त आपली भिस्त गोळीवर, पाण्यावर आणि वेळेवर दवाखाना गाठण्यावर आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याचे व ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. परंतु शहरातील बौद्ध वस्तीत गाडी आपणहून येईल याची वाट पाहू नये. विहाराच्या कमिटीने जवळच्या सरकारी दवाखान्याला पत्र द्यावे, पोच घ्यावी आणि शिबिर मागून घ्यावे. १४ एप्रिलच्या वर्गणीतला काही भाग डी.जे.ऐवजी याला लागला तर बाबासाहेब रागावणार नाहीत. मात्र शिबिरात निकालाचे कागद सर्वांसमोर मोठ्याने वाचू नयेत. ते ज्याचे त्याला, बाजूला बसवून, समजावून द्यावेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश झालेला आहे. रुग्णाला जिल्हा रुग्णालयातून तपासणीअंती प्रमाणपत्र मिळू शकते. वाहकाला ते मिळत नाही, कारण तो आजारी नाही. प्रमाणपत्राच्या आधारे शिक्षणातील व परीक्षेतील सवलतींची शाळा-कॉलेजात चौकशी करावी. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्यावा, नाहीतर कागद हरवला असे सांगण्यात आपल्या कचेऱ्यांचा हातखंडा आहे.

अखेरीस एक उपयोगाची गोष्ट. जमैका बेटावर डॉक्टरांनी सिकलसेलच्या बाळांच्या आयांना घरच्या घरी पानथरी चाचपायला शिकवले, आणि बालमृत्यू कमी झाले. कारण असे की, लहान मुलांत कधीकधी काही तासांतच बरेचसे रक्त प्लीहेत अडकते. पानथरी एकाएकी फुगते, बाळ पांढरेफटक पडते, मलूल होते, आणि उशीर झाला तर दगावते. जिच्या बाळाला हा आजार आहे त्या प्रत्येक आईने पुढच्या खेपेला डॉक्टरांकडून हे शिकून घ्यावे. बाळ शांत असताना त्याला उताणे झोपवावे, पाय थोडे दुमडावेत, आणि डाव्या बरगडीच्या खाली बोटे हलकेच दाबत वर न्यावीत. काही टणक लागते काय ते पाहावे. लागत असेल तर ते बरगडीपासून किती बोटे खाली आहे ते कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहून ठेवावे. आकडा एकदम वाढला आणि बाळाचे ओठ-तळवे फिके दिसले, तर रात्र असो की पाऊस असो, शेजाऱ्यापाजाऱ्यांची गाडी मागून सरळ रक्तपेढी असलेले रुग्णालय गाठावे, आणि दारातच सांगावे : बाळाला सिकलसेल आहे, पानथरी वाढली आहे.